आजोबा एकदाही हरत नाहीत. सांगावं का त्यांना?

गोदाकाठची | ८ सप्टेंबर २०२५, रात्री ११.१०

गणपती परवा गेले, काल पाहुणे गेले. आज पहिल्यांदा निवांत बसलेय, म्हणून विचारून घेते. विषय क्षुल्लक आहे, हसलात तरी चालेल.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासरे. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा ७८ वर्षांचे, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. सासूबाई गेल्यावर जेलरोडचं घर बंद करून मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडे इंदिरानगरला आले. फ्लॅट लहान, त्यामुळे मुलाच्या खोलीतच त्यांची कॉट टाकली. पहिले सहा महिने ते दोघं एका खोलीतल्या दोन भाडेकरूंसारखे राहिले. "पंखा कमी कर." "हं." "जेवलास का?" "हो." संपलं संभाषण.

जूनमध्ये एका रात्री पावसाने लाईट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. मुलाचा मोबाइल बंद पडला. अण्णांनी ट्रंकेतून पत्त्यांचा कॅट काढला आणि विचारलं, "सात-आठ येतं?" येत नव्हतं. मेणबत्तीवर शिकवलं. तेव्हापासून रोज रात्री नऊ ते दहा दोघांचे दहा डाव ठरलेले. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. मखराच्या सजावटीचे पिवळे दिवे चिरंजीवांनी आता खोलीत लावलेत, ट्यूब बंद, एकदम क्लबातलं वातावरण. अण्णा एका जुन्या वहीत रोजचा हिशेब लिहितात, तारखेसकट.

आता प्रश्न. त्या वहीप्रमाणे आजवर ७४ रात्री झाल्या. पोरगा एखाददुसरा डाव मारतो, पण दहा डावांच्या शेवटी हात जास्त ओढलेले असतात ते अण्णांचेच. ७४ पैकी ७४. परवा पानं आपटून उठला, स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तर डोळे लाल. मी काही विचारलं नाही. नवरा म्हणतो, मध्ये पडू नकोस. पण मला वाटतं अण्णांना हळूच सांगावं, आठवड्यातून एकदा हरा की हो. काय बिघडतं? सांगू का?

---

हुकमाचा_एक्का | ८ सप्टेंबर, रात्री ११.१८

अजिबात सांगू नका.

---

झब्बूवाली | ८ सप्टेंबर, रात्री ११.४०

सांगा हो! चौदा वर्षांचं पोर आहे. माझा भाचा असाच मामाकडून बुद्धिबळात रोज हरायचा. एक दिवस पट माळ्यावर गेला तो आजतागायत खाली आलेला नाही. मामा अजून सांगतो, "मी त्याला घडवत होतो." काय घडलं मग?

---

टिळकवाडीकर | ९ सप्टेंबर, सकाळी ७.०५

मी झब्बूवालींच्या नेमकी उलट बाजूची. कारण माझ्यासोबत हे घडलंय.

आमचा वाडा सराफ बाजाराजवळ. २००८ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडवून वर बाजारात शिरलं होतं. खालच्या बिऱ्हाडांचं सामान माडीवर आणलं आणि सगळी बिऱ्हाडं आमच्या माडीवरच जमली. लाईट नाही, करायला काही नाही. आजीने कॅट काढला. मी तेव्हा तेरा वर्षांची. मेंढीकोटला मी आणि आजी भिडू, समोर शेजारच्या काकू आणि त्यांची सून. त्या दोन दिवसांत मी चार कोट दिले. चार! चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, आपल्याकडे ओढताना काय वाटतं ते खेळणाऱ्यालाच कळतं. शाळा सुरू झाल्यावर महिनाभर मी तेच सांगत फिरले.

पुढच्या वर्षी काकूंच्या सुनेने सहज बोलताना सांगून टाकलं, "अगं, आजींनी आम्हाला डोळे केले होते, पोर घाबरलीय, तिला जिंकू द्या."

मला इतकी लाज वाटली! मग रागच आला. वर्षभर मी आजीबरोबर पत्त्याला हात लावला नाही. ती विचारायची, मी अभ्यास आहे म्हणायचे. नंतर ती आजारीच पडली. पुरातल्या आठवणींतली सगळ्यात छान आठवण होती माझी ती, आणि ती खोटी निघाली. तुमच्या मुलाचे डोळे लाल झाले तर होऊ देत. निदान ७४ रात्री खऱ्या आहेत.

---

झब्बूवाली | ९ सप्टेंबर, सकाळी ८.३०

टिळकवाडीकर, वाचून वाईट वाटलं. पण खोटं हरणं आणि सवलत देणं यात फरक आहे ना? उघड सवलत द्यायची. "तुला एक एक्का आधीच घे," असं तोंडावर सांगून. यात फसवणूक कुठे आली?

---

हुकमाचा_एक्का | ९ सप्टेंबर, सकाळी ८.४१

नववीतल्या पोराला तोंडावर सवलत देऊन बघा. पानं खिडकीबाहेर जातील.

---

त्रैराशिक | ९ सप्टेंबर, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत गणित केलं. सात-आठमध्ये वाटपाचा, म्हणजे नशिबाचा भाग मोठा असतो. अण्णा अगदी कसलेले असले आणि एका रात्री मुलगा जिंकण्याची शक्यता शंभरात फक्त पाच धरली, तरी सलग ७४ रात्री तो हरण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन निघते. शंभरात दहा धरली तर दहा हजारांत चार.

धागाकर्तीला नम्र प्रश्न: पत्ते पिसतं कोण?

---

गोदाकाठची | ९ सप्टेंबर, दुपारी २.०२

अण्णाच. चिरंजीवांना ते फर्रर्र करून पिसणं अजून जमत नाही, पानं सांडतात.

---

त्रैराशिक | ९ सप्टेंबर, दुपारी २.०४

मी पुढे काही बोलत नाही.

---

जेलरोडचा_जावई | ९ सप्टेंबर, दुपारी २.३०

ओ त्रैराशिक, प्रेसच्या माणसावर संशय घ्यायचा नाही! माझे सासरे प्रेसमध्येच होते. रोज सुटताना झडती देऊन बाहेर पडायचे. अशा माणसाने आयुष्यभरात बाहीत एक्का लपवलेला नसतो भो. उलट या लोकांची मोजदाद बघा. सासरे लग्नात आलेली पाकिटं न उघडता, नुसती हातात घेऊन किती नोटा आहेत ते सांगायचे. पंधरा हात म्हणजे तीस पानं. कुठलं गेलं नि कुठलं राहिलं हे त्यांना झोपेतसुद्धा माहीत असणार. पोरगा जिंकायचा कसा?

---

त्रैराशिक | ९ सप्टेंबर, दुपारी २.५०

संशय मागे. पण पिसण्याबद्दल एक खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या दोन गणितज्ञांनी, बेअर आणि डायकोनिस यांनी, १९९२ मध्ये दाखवून दिलं की ५२ पानं त्या फर्रर्र पद्धतीने साधारण सात वेळा पिसली तरच नीट मिसळतात. आपल्याकडे लोक दोनदा पिसतात आणि "काट" म्हणून पुढे करतात. मागच्या डावाचे हात तसेच्या तसे गठ्ठ्याने आत राहतात. ज्याला मागचा डाव आठवतो त्याला पुढचा अर्धा दिसतो. ही लबाडी नाही. पण अण्णा किती वेळा पिसतात ते मुलाला मोजायला सांगा.

---

पासधारक | ९ सप्टेंबर, रात्री ९.२०

आता मला बोलणं भाग आहे. पंचवटी एक्स्प्रेसने पंचवीस वर्षं नाशिकरोड ते मुंबई रोज जाऊन-येऊन केलं. गाडी सुरू झाली १ नोव्हेंबर १९७५ ला, मी चढलो बऱ्याच नंतर. पण माझ्या डब्यातली पत्त्याची मंडळी पहिल्या वर्षापासूनची होती. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी, त्यावर कालचं वर्तमानपत्र, आणि देवळाली सोडायच्या आत पानं वाटून झालेली. मेंढीकोट, बंद हुकूम. कसारा घाट उतरेपर्यंत बोलायचं फक्त पानांनी.

एकदा आमच्यातला एक निवृत्त झाला. जागा रिकामी. समोर रोज एक पोरगा बसायचा, अकरावी-बारावीतला असेल, काकांबरोबर कल्याणला क्लासला जायचा. आमच्यातले सगळ्यात खडूस जे होते (नाव नको, सगळा डबा त्यांना मास्तर म्हणायचा) त्यांनी त्याला हाताला धरून बसवलं. पहिल्या दिवशी पोराने भिडूचाच हात हुकमाने मारला. मास्तर असं काही बोलले की इथे लिहिता येत नाही. पोरगा दुसऱ्या दिवशी येणार नाही असं आम्हाला वाटलं. आला. तिसऱ्या दिवशी आला. दिवाळीपर्यंत तो मास्तरांचा कायमचा भिडू झाला. मास्तरांना दोन मुलगे होते, दोघांशी बोलणं नव्हतं. हे आम्हाला माहीत होतं, पोराला नव्हतं.

ताई, पत्त्यात एक सोय आहे. दोघांनाही एकमेकांकडे बघावं लागत नाही, पानांकडे बघायचं. आमच्या डब्यात माणसं अशीच बोलायला लागायची. तेव्हा तुम्ही जिंकण्या-हरण्याचं सोडा. त्या तासाभरात दोघं आणखी काय बोलतात ते दाराआडून ऐका आणि इथे सांगा.

---

गोदाकाठची | ९ सप्टेंबर, रात्री १०.३५

ऐकलं पासधारक! (आई म्हणून लाज सोडलेली आहे.)

आजचं संभाषण: "उतर." "उतरतो ना." "किती वेळ?" "आजोबा, तुम्ही आजीशी पण असंच खेळायचात?" "ती तुझ्यापेक्षा भारी होती." मग बराच वेळ काही नाही. मग "हुकूम काय म्हणालास?" "चौकट." "हं."

हे "ती भारी होती" मला अठरा वर्षांत कधी कळलं नव्हतं. सासूबाई पत्ते खेळायच्या हेच मला माहीत नव्हतं!

---

सत्यवचन | १० सप्टेंबर, सकाळी ६.५०

सगळे कौतुक करताहेत म्हणून कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी. पत्ते हे शेवटी पत्ते. आज काड्या लावून खेळतील, उद्या पैसे लावून. मोबाइलवर रमी खेळून घरं बसलेली पाहिली आहेत मी. सरकारला ऑगस्टमध्ये कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करावे लागले ते उगाच नाही.

---

त्रैराशिक | १० सप्टेंबर, सकाळी ९.१०

सत्यवचन, तो कायदा पैसे लावण्याबद्दल आहे, पानांबद्दल नाही. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटलंय. आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्ण भारताने जिंकलं. प्रणव बर्धन तेव्हा साठ वर्षांचे, त्यांचे भिडू शिवनाथ सरकार ५६ चे. अण्णांना अजून संधी आहे.

---

सत्यवचन | १० सप्टेंबर, सकाळी ९.४०

सुवर्णपदकवाले दोन. घरं बसलेली किती ते मोजलंत का? असो. माझे सख्खे काका यात गेले, म्हणून बोललो. अण्णा पैसे लावत नाहीत ना, मग माझा विरोध नाही.

---

सावंतवाडीची_लेक | १० सप्टेंबर, सकाळी ११.००

अवांतर: माझ्या माहेरी सावंतवाडीला गंजिफा. गोल पानं, हाताने रंगवलेली. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०. नाशिकच्या सासरी मी तो संच हौसेने आणला. माझी पंधरा वर्षांची पुतणी म्हणाली, "काकू, हे कोस्टर आहेत का?" त्यावर चहाचा कप ठेवायच्या आत मी हिसकावून घेतला. गोल पानं पंख्यासारखी धरायला वेगळीच कसरत लागते, पहिले दोन दिवस तिच्या हातातून कूर्म आणि वराह सारखे निसटत होते. आता दर रविवारी येते, "काकू, अवतार काढा."

---

देवळालीकर | १० सप्टेंबर, दुपारी ४.४५

अवांतरात माझीही भर. नाशिककर असून पत्त्यांच्या धाग्यावर अजून कुणी कापरेकरांचं नाव घेतलं नाही? द. रा. कापरेकर, देवळालीच्या शाळेतले गणिताचे शिक्षक. त्यांचा ६१७४ माझ्या मोठ्या काकांनी मला पत्त्यांवर शिकवला.

एक्का ते नव्वीमधली कुठलीही चार पानं काढा, चारही सारखी नकोत. समजा तिर्री, पंजी, दुर्री, चौका. मोठ्यापासून लहान मांडा: ५४३२. उलट मांडा: २३४५. वजा करा: ३०८७. आता याचंही तसंच, ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि ६१७४ चं काहीही करा, तिथेच अडकतं. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता.

काका आधीच कागदावर ६१७४ लिहून तो उशीखाली ठेवायचे आणि मग मला पानं काढायला लावायचे. मला महिनाभर ती जादूच वाटत होती. महिन्याने त्यांनी मला देवळालीत नेऊन शाळा दाखवली, "इथला मास्तर, हे त्याचं." ताई, हे अण्णांना सांगा. मुलगा एका रात्री तरी हिशेबाची वही सोडून दुसरं काही लिहील.

---

मिसळ_दोन_पाव | १० सप्टेंबर, सायंकाळी ६.३०

इतकं सगळं झालं पण सात-आठचे नियम कुणी विचारले नाहीत. तुमच्याकडे पंधराच्या पंधरा पानं हातात की काही जमिनीवर? आमच्याकडे पाच हातात, पाच पालथी आणि त्यांच्यावर पाच उघडी.

---

जेलरोडचा_जावई | १० सप्टेंबर, सायंकाळी ६.४४

पाच-पाच-पाचच. पंधरा हातात घेऊन खेळणारे लोक माणसात नाहीत.

---

झब्बूवाली | १० सप्टेंबर, सायंकाळी ७.०१

आम्ही पंधरा हातात घेऊन खेळतो!!

---

मिसळ_दोन_पाव | १० सप्टेंबर, सायंकाळी ७.०३

ताई, तुम्ही तिसऱ्या म्हणून बसा ना. पाच-तीन-दोन खेळा, त्यात मुलाला कधीतरी दोनच हात करायचे येतील, जिंकेल बिचारा.

---

गोदाकाठची | १० सप्टेंबर, रात्री १०.५०

विचारलं होतं. चिरंजीव म्हणाले, "आई, तू फार बोलतेस." अण्णांनी मान डोलावली. दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

६१७४ ने मात्र घरात धुमाकूळ घातलाय. अण्णा दुधाचं बिल घेऊन बसलेत.

---

गोदाकाठची | १९ सप्टेंबर, रात्री ११.२५

धागा वर काढतेय. यावेळी हसण्यासारखं नाही, निदान मला तरी हसू येत नाहीये.

मंगळवारी पोरगा जिंकला. पहिली रात्र. मी दाराआड होतेच. आता उड्या मारत बाहेर येईल म्हणून थांबले. आला तो गप्पच. म्हणाला, "आई, आजोबांनी किल्वर असताना हुकूम मारला." मला आधी कळलं नाही. त्याने समजावलं. हा किल्वर उतरला, अण्णांच्या उघड्या पानांत किल्वरची नव्वी समोर पडलेली, तरी त्यांनी हुकूम टाकून हात ओढला. नंतर त्याच हुकमाची कमी पडली आणि डाव गेला. असं दोन डावांत झालं. रंग असून न देणं ही अण्णांच्या लेखी चोरी. जूनमध्ये पोराकडून एकदा झालं होतं तेव्हा त्यांनी पानं फेकली होती.

"तू बोलला नाहीस?" विचारलं तर म्हणाला, "कसं बोलू?"

काल परत तेच झालं. अण्णांनी वहीत त्याच्या नावापुढे मोठा लाल गोल काढला, पाठ थोपटली, आणि दहाच्या ऐवजी साडेनऊलाच झोपले. मी रात्रभर जागी. ७८ वय. विसरायला लागलेत का? सासूबाईंचं जाणं, घर बदलणं... काय करू? नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

---

झब्बूवाली | १९ सप्टेंबर, रात्री ११.४०

अगं बाई. उगाच मनात काही आणू नका, पण डॉक्टरांना दाखवा. नवऱ्याला आधी सांगा.

---

सत्यवचन | २० सप्टेंबर, सकाळी ६.१५

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता, सात वर्षं सांभाळलं. म्हणून सांगतो, घाबरू नका. ते पत्ते खेळायचे तेव्हा त्यांना पाळी कुणाची हे कळेनासं झालं, हुकूम काय ठरला ते विसरायचे, मग डाव मध्येच सोडून उठायचे. समोर पडलेलं पान न दिसणं हे मी पाहिलेलं नाही. तपासणी करून घ्याच, पण आत्ताच ठरवून टाकू नका.

---

पासधारक | २० सप्टेंबर, सकाळी ८.००

ताई, एक प्रश्न. मुलाला विचारा, अण्णांची चूक लाल पानांत एकदा तरी झाली का? की फक्त काळ्यांत?

---

गोदाकाठची | २० सप्टेंबर, दुपारी १२.१०

शाळेत आहे तो, आला की विचारते. का हो?

---

पासधारक | २० सप्टेंबर, दुपारी १२.१४

आधी विचारा.

---

गोदाकाठची | २० सप्टेंबर, रात्री ८.२०

पासधारक, तुमच्या पाया पडते.

पोराने वही काढून दाखवली. अण्णांच्या हिशेबाच्या समासात त्याने पेन्सिलीने बारीक ठिपके दिलेत, अण्णांना कळू नयेत असे. जिथे चूक झाली तिथे ठिपका आणि पानाचं अक्षर. अकरा ठिपके, आणि अकराही काळे! किल्वरला इस्पिक समजलेत नाही तर इस्पिकला किल्वर. बदाम-चौकटीत एकही नाही. आणि पहिला ठिपका कधीचा? २९ ऑगस्टचा. त्याआधी एकही नाही.

आणि आत्ता लिहिता लिहिता डोक्यात प्रकाश पडला. मखर झालं २७ ला. सुटून राहिलेली पिवळ्या दिव्यांची माळ त्याने त्याच दोन दिवसांत खोलीत लावली आणि ट्यूब बंद केली.

आज संध्याकाळी पाच वाजता पोराने अण्णांना गॅलरीत उन्हात बसवलं, "आजोबा, इथे वारा आहे." चार डाव. एकही चूक नाही. चारही अण्णांनी मारले.

---

पासधारक | २० सप्टेंबर, रात्री ८.३१

आमचे मास्तर असेच. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत, डब्यातल्या मिणमिणत्या दिव्याखाली इस्पिक-किल्वर चुकवायला लागले. आम्ही त्यांना म्हातारचळ लागला म्हणून चिडवलं. निघाला मोतीबिंदू. चिडवल्याचं अजून वाईट वाटतं.

---

डॉ_चष्मिश | २० सप्टेंबर, रात्री ९.४५

इथे वाचून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण दाखवा, लवकर. मोतीबिंदूत भिंग हळूहळू गढूळ आणि पिवळसर होत जातं. माणसाला ते जाणवतही नाही, कारण सगळंच सारखं मळतं. आधी अडचण येते ती अंधुक उजेडात आणि कमी फरकाच्या गोष्टींत. काळ्या पानांची टोकं हे त्याचं अगदी नमुनेदार उदाहरण. आणि कृपा करून "पिकू दे, मग काढू" म्हणून थांबू नका. ती पद्धत जुनी झाली. रोजच्या कामात अडचण यायला लागली की ऑपरेशनचा विचार करतात. सात-आठ हे अण्णांचं रोजचं काम आहे असं मी धरतो.

आणि माळ काढा ती.

---

टिळकवाडीकर | २० सप्टेंबर, रात्री १०.१५

मला त्या पेन्सिलीच्या ठिपक्यांवरून पुढे जाताच येत नाहीये. तीन आठवडे तो मुलगा ते एकटा मोजत होता.

---

गोदाकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री १०.००

उशीर झाला, माफ करा. दिवाळी आणि दवाखाना एकदम आले.

मोतीबिंदूच होता, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. उजव्याचं ऑपरेशन भाऊबीज झाल्यावर झालं, डाव्याचं महिन्याभराने. पट्टी काढल्यावर अण्णांचं पहिलं वाक्य: "तुम्ही घराला रंग कधी दिलात?" रंग दिलेलाच नाही. भिंती पांढऱ्याच होत्या, त्यांना त्या बदामी दिसत होत्या. मग मला म्हणाले, "तू बारीक झालीस." हे मी सोडून दिलं.

थेंब टाकायचं काम चिरंजीवांकडे. दिवसातून चार वेळा, वहीत वेळ लिहून, सही करून.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर पहिला डाव परवा झाला. ट्यूबखाली. अण्णांनी पानं उचलली आणि बघतच बसले. "बदामच्या राजाला मिशी नाही!" पोराने बाकीचे तीन राजे काढून दाखवले, त्या तिघांना आहे. साठ वर्षं पत्ते खेळतायत आणि हे त्यांना परवा कळलं. मग म्हणाले, "इस्पिकचा गुलाम एकाच डोळ्याने बघतो, माझ्यासारखा." त्यानंतर दहापैकी नऊ डाव मारले.

पण खरं भांडण पुढे आहे. पोराने शेवटी त्यांना ठिपके दाखवले. अण्णांनी ते चष्मा न लावता वाचले, एकही शब्द न बोलता खोडरबर मागवलं, आणि सप्टेंबरमधल्या त्याच्या दोन्ही विजयांचे लाल गोल खोडायला घेतले. म्हणे, "आंधळ्याशी जिंकलेली रात्र धरायची नाही." पोरगा म्हणतो, "वहीत लिहिलंय म्हणजे धरायची." दोन दिवस दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतायत. पत्ते मात्र चालू आहेत, अबोल्यात.

तुम्हीच सांगा आता. धरायची का?

---

सत्यवचन | ४ नोव्हेंबर, रात्री १०.१०

नियम म्हणजे नियम. त्या वेळी आक्षेप घेतला नाही, म्हणजे निकाल कायम. धरायची.

---

झब्बूवाली | ४ नोव्हेंबर, रात्री १०.१२

धरायची! आणि माझी सवलतीची सूचना मी अधिकृतपणे मागे घेते.

---

टिळकवाडीकर | ४ नोव्हेंबर, रात्री १०.२०

नाही धरायची. अण्णा बरोबर आहेत. आणि मला खात्री आहे, पोरालाही ती नकोच आहे, त्याला फक्त भांडायचंय.

---

त्रैराशिक | ४ नोव्हेंबर, रात्री १०.२८

थांबा. ऑगस्टअखेरपर्यंत, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असताना, अण्णांनी एकही रात्र सोडली नाही? मी माझं सगळं गणित आणि मागे घेतलेला संशय परत करतोय. कितीदा पिसतात ते मोजलं का कुणी?

---

गोदाकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३३

मोजलं पोराने. दोनदा. कालपासून सातदा पिसायला लावतो. काल अण्णा सहा-चारने जिंकले, म्हणजे पहिल्यांदाच इतकं जवळ आलं.

---

त्रैराशिक | ४ नोव्हेंबर, रात्री १०.३४

😌

---

जेलरोडचा_जावई | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

प्रेसच्या माणसाला खोडरबर कशाला लागतं? लाल गोल पेनाचा असेल तर खोडता येणारच नाही. विषय संपला.

---

गोदाकाठची | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४२

लाल पेन्सिलीचा आहे.

---

हुकमाचा_एक्का | ४ नोव्हेंबर, रात्री १०.४३

म्हणजे अण्णांना आधीच माहीत होतं.